अर्थिंगचा खड्डा

एसी भिंतीवर चढला त्या दिवशी निम्मी गल्ली कडुबाच्या ओट्यावर होती आणि उरलेली निम्मी चपला शोधत होती. फुलंब्रीच्या पुढच्या या गावात एसी कुणी पाहिलाच नव्हता असं नाही. पतसंस्थेत एक होता, पण तो मॅनेजरच्या काचेच्या दाराआड. राहत्या घरात, त्यातही वस्तीवरच्या घरात, हा पहिलाच.

कडुबाचा पोरगा धम्मपाल शेंद्र्याला एका कंपनीत मशिनवर कामाला होता. तिथल्या एका साहेबानं घर बदलताना हा जुना एसी काढला आणि धम्मपालनं तो मागून घेतला. टेम्पोत चादरीत गुंडाळून, वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याचा धक्का स्वतःच्या मांडीवर झेलत त्यानं तो घरी आणला आणि स्वतःच बसवला. रोज एवढ्या मोठ्या मशिनी चालवणाऱ्या माणसाला घरातल्या वायरीचं काय कौतुक, असा त्याचा तोरा होता.

त्यानं बटण दाबलं. एसीनं एक लांब सुस्कारा सोडला. लगेच पंखा मंदावला, ट्यूब फडफडली आणि दारावरून गेलेल्या वायरीच्या लाकडी पट्टीतून जळक्या रबराचा वास यायला लागला. कडुबानं पळत जाऊन मेन स्विच पाडला. घरात अंधार आणि ओट्यावर हशा, दोन्ही एकदमच झालं.

तात्यासाहेबांची गाडी तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी थांबली. कडुबा त्यांच्याच शेतावर कामाला जायचा.

“काय कडुबा,” ते गाडीतूनच म्हणाले, “उद्या काडी-कचरा वेचायला येशील ना? का आता एसीतून उठवायचं नाय तुला?”

कडुबा हसला. हसल्याशिवाय भागणार नव्हतं. “येतो ना साहेब, न यायला काय झालं,” म्हणाला आणि पायातली चप्पल उगाच नीट केली.

एसी कशासाठी आणला हे तात्यासाहेबांना माहीत होतं, सगळ्या गावालाच माहीत होतं. पण गावाला काही गोष्टी माहीत असूनही बोलताना आठवत नाहीत.

धम्मपालच्या लेकीला, विशाखाला, घाम येत नाही. जन्मापासूनच नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तळहातावरून बोट फिरवून सांगितलं होतं, की हिच्या कातडीत घाम करणारी यंत्रणाच नाही. बाहेर तापलं की ही आतून तापणार, आणि फार तापली की झटके येणार. औषध नाही. गार ठेवा, ओलं ठेवा, मोठी झाली की तिचं तिला कळेल. मागच्या वैशाखात एकदा झटका आला होता. तेव्हापासून मेघा, तिची आई, उन्हाळाभर तिला ओला फ्रॉक घालायची. फ्रॉक वाळला की पुन्हा पाण्यात बुडवायचा, पिळायचा, घालायचा. पोरगी बिचारी हसरी. केस विरळ, दात उशिरा आलेले आणि तेही मोजकेच, पण हसायला तिला दात लागत नसत. सदा ओली आणि सदा हसत असायची.

दुसऱ्या दिवशी धम्मपालनं जुनी पट्टी सोडून दिली आणि मीटरपासून एक वेगळी वायर खिडकीतून आत घेतली. एसी चालला. खोली गार झाली. मेघा दारात उभी राहून रडली आणि आपण रडतोय याचं तिलाच हसू आलं. विशाखाला लोखंडी खाटेवर निजवायचं म्हणून धम्मपालची आई सत्यभामा ओल्या फडक्यानं खाट पुसायला वाकली. खाटेला हात लागला आणि तिनं किंचाळून तो मागं ओढला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या.

“काय झालं गं माय?”

“खाट चावली,” ती म्हणाली. दुसरा शब्द तिला सापडला नाही.

सगळे त्या खाटेकडं बघत राहिले. पोरगी ओल्या फ्रॉकात तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

मग मात्र धम्मपालचा तोरा उतरला. फुलंब्रीहून बन्सी वायरमनला बोलावणं गेलं. बन्सी म्हणजे बोलका माणूस. चहा नको नको म्हणत तो घ्यायचा आणि घेताना आपण कुणाकुणाच्या बंगल्याचं काम केलं ते सांगायचा. त्याच्या स्वतःच्या घरात दिवा दोन उघड्या वायरींना लोंबकळतोय हे कडुबानं स्वतः पाहिलेलं होतं, पण चहा पिणाऱ्या माणसाला असलं काही बोलू नये.

बन्सीनं घर बघितलं, पट्टी बघितली, एसी बघितला.

“अर्थिंग कुठं दिलंय?”

“खिडकीच्या गजाला बांधलंय,” धम्मपाल म्हणाला.

“अन् खाट?”

“खिडकीला टेकून हाय.”

बन्सीनं कप खाली ठेवला. “आरं राजा, मशिनीतून करंट फुटला तर त्याला जमिनीत जायला वाट लागती. तू ती वाट खाटेवर नेऊन सोडलीस.” मग त्याची नजर विशाखावर गेली. पोरगी उंबऱ्यात बसून स्वतःच्या फ्रॉकाचं पाणी पिळत होती. “ही अशीच वल्ली असती?”

“दिवसभर,” मेघा म्हणाली.

बन्सीच्या तोंडातून पुढं बंगल्यांची गोष्ट निघाली नाही. “मंग ऐका. जाड वायर टाकू, मीटरपासून वेगळी लाईन घेऊ, ट्रिप होणारं बटण बसवू. पण खड्डा करून नीट अर्थिंग केल्याबिगर मी हा एसी चालू करायचा नाय. तुमी बी करायचा नाय. पोरगी वल्ली हाय.”

काम सुरू झालं. लाईट बंद. भिंतीत छिन्नी चालली, चुन्याची धूळ भाकरीच्या टोपल्यापर्यंत उडाली. तात्यासाहेबांकडं खाडा टाकून कडुबा शिडी धरायला उभा राहिला आणि वरून पडणारा सगळा खरपुडा त्यानं डोक्यावर घेतला. सत्यभामा त्याच्याकडं बघून म्हणाली, “लग्नात बी एवढ्या अक्षता पडल्या नव्हत्या.” कडुबानं शिडी न सोडता मिशीतली धूळ फुंकली.

पंखा नसल्यानं मेघा पोरीला घेऊन विहारात जायची. बुद्धविहाराची फरशी गार. विशाखा फ्रॉक वर करून फरशीवर पोट टेकायची आणि मूर्तीकडं बघत पडून राहायची. कुणी काही म्हणत नसे. फक्त शेजारची पारूबाई तिथं तांदूळ निवडत बसलेली असायची, आणि पारूबाईला गप्प बसून तांदूळ निवडता येत नसत.

“मेघा, तुझ्या माहेरी कुणाला हाय का गं असं?”

“नाय मावशी.”

“नीट इचारून बघ. आमच्या वस्तीत तर असलं कवा ऐकलं नाय. रक्तातून येतं म्हणतेत.”

मेघा पोरीच्या पाठीवर ओला हात फिरवत राहायची. पोर झाल्यापासून ती हे ऐकत आली होती. सुरुवातीला घरी जाऊन रडायची, आता रडायचीही नाही. जवळ असली तर सत्यभामेच्या हातातलं काम एकदम भराभर चालायला लागायचं, आणि मान वर व्हायची नाही.

घरातलं वायरिंग झालं. बन्सी परसात आला, कमरेवर हात ठेवून सगळीकडं बघितलं आणि सरळ न्हाणीकडं बोट केलं.

“इथं. ही जागा नंबर एक. माती मऊ, बारमाही ओल.”

न्हाणी म्हणजे परसाच्या कोपऱ्यातला एक मोठा काळा दगड. पूर्वी सगळं घर त्याच्यावरच अंघोळ करायचं. पुढं धम्मपालनं फरशी लावून बाथरूम बांधलं, नळ बसवला, कडी बसवली. सत्यभामा काही तिथं गेली नाही. तिन्ही बाजूंनी साड्या बांधून ती अजून त्या दगडावरच अंघोळ करायची, आणि टँकरच्या दिवसांतही शेवटचा तांब्या अंगावर न घेता दगडाच्या कडेला ओतायची. धम्मपाल चिडायचा, मेघा समजूत काढायची. म्हातारपणाची खोड म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

“तिथं नको,” सत्यभामा म्हणाली.

“मावशी, दगड परत बसवून देतो.”

“तिथं खांदायचं नाय.”

“अगं माय, दगडच तर हाय!” धम्मपाल म्हणाला. “बाबा, तुमी सांगा तिला.”

कडुबानं दगडाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. “दुसरीकडं बघा कुठंतरी,” एवढंच म्हणाला आणि पहार उचलून स्वतःच घराच्या पुढच्या बाजूला गेला.

पुढची जमीन कसली, नुसता मुरूम. धम्मपालनं आणि कडुबानं आळीपाळीनं पहार मारली. हातभर गेलं की खाली पाषाण, पहार ठण्‌ करून उडायची आणि खांदे बधिर व्हायचे. घामानं दोघांच्या बनियनी अंगाला चिकटल्या. धम्मपालला ते जाणवलं. कपाळावरचा घाम पुसून त्यानं बोटांकडं पाहिलं आणि मनात आलं, की हा एवढासा घाम देता आला असता तर आपण तो लेकीला देऊन टाकला असता.

निघाला तेवढा खड्डा बन्सीनं वापरून पाहिला. तार पुरली, पाणी ओतलं, मग एका वायरीला बल्ब लावून तो तपासायला बसला. बल्बातली तार नुसती लालसर झाली.

“पाहिलंत? जमीन करंट घ्यायला तयार नाय. लई कोरडी हाय.” त्यानं बल्ब काढला. “बल्ब फुल पेटला तरच अर्थिंग खरं.”

धम्मपालनं पहार जमिनीवर टाकली. आईवर तो कधी आवाज चढवायचा नाही, त्या दिवशी चढला. “तुला तुझा दगड पायजे का माझी पोरगी?”

सत्यभामेनं त्याच्याकडं पाहिलं.  मग ती वळली आणि कळशी घेऊन विहाराकडं चालायला लागली.

दुपार नुसती भाजत होती. विहाराची फरशीसुद्धा त्या दिवशी कोमट झाली होती. विशाखा हसत नव्हती. ती मेघाच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून पडली होती, ओठ सुकलेले, गाल लालभडक. मेघा कपडा भिजवत होती, ठेवत होती, आणि ठेवला की तो लगेच गरम होत होता. सत्यभामेनं कळशी टेकवली आणि ओंजळीनं पोरीच्या डोक्यावर पाणी घालायला लागली. पारूबाई तांदळाचं सूप बाजूला सारून जवळ सरकली.

“अरे देवा, किती तापली! मेघा, मी तुला सांगत होते, माहेरी एकदा नीट इचार. तुमच्यातच कुणाला तरी—”

“तिच्या माहेरचं नाय ते,” सत्यभामा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पाणी घालणारे हातही थांबले नव्हते.

“आमच्याकडचं हाय. मला धम्मपालच्या आधी एक पोरगी झाली व्हती पारू. तू लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. तिला बी घाम नव्हता.”

मेघानं मान वर केली.

“असाच वैशाख व्हता. अंग तव्यावानी तापायचं अन् कपाळाला थेंब नाय. सासू म्हणली ताप भरलाय. मी बी म्हणलं, तापच असंल.” तिनं ओंजळ भरली, ओतली. “तापलेल्या लेकराला काय करतेत? गुंडाळतेत. मी गोधडीत गुंडाळलं तिला. दारं लावून घेतली, वारं लागू नये म्हणून. मांडीवर घट्ट धरून बसले. ती रडायची, मी आणखी गुंडाळायची. मंग रडायची थांबली, तर मला वाटलं बरं वाटलं पोरीला.”

विहारात बाहेरच्या उन्हाचा नुसता पांढरा उजेड होता. पारूबाईच्या चिमटीत तांदळातून वेचलेला खडा तसाच राहिला होता.

“मागच्या वर्षी त्या डॉक्टरीणबाई म्हणल्या ना, उघडं ठेवा, ओलं ठेवा. तवा कळलं मला मी काय केलं ते. इतकी वर्षं कळलंच नव्हतं.”

मेघानं पोरीच्या कपाळावरचा कपडा उलटा केला. “आई, पोर झाल्यापासून मी ऐकायले. माहेरचं रक्त, माहेरचं रक्त. माझ्या आईला बी ऐकवलं लोकांनी. अन् तुमाला वर्षभरापासून माहीत होतं.”

“व्हय. माहीत व्हतं. तुला ऐकू दिलं मी. माझ्या तोंडातून निघंना.”

सासूला माफ करायला मेघा काही साध्वी नव्हती. राग आला होता आणि तो तिच्या नाकपुड्यांवर दिसत होता. पण समोर ती बाई बसली होती आणि तिच्या ओंजळी थांबत नव्हत्या, पाणी सांडून तिचं सगळं लुगडं भिजलं होतं, तरी थांबत नव्हत्या. मेघानं तिचे दोन्ही हात धरले.

“कशी व्हती दिसायला?” तिनं विचारलं.

हे सत्यभामेला कुणीच कधी विचारलं नव्हतं. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा वेडावाकडा झाला.

“हिच्यावानीच गं. केस विरळ. हसायची लई.”

पारूबाई उठून गेली. दोघींना वाटलं, गेली आता गावभर सांगत. पण ती परत आली ते डोक्यावर रांजणातल्या गार पाण्याचा हंडा घेऊन. काही न बोलता तिनं पदर भिजवला आणि पोरीच्या तळपायांना लावत बसली. उन्हं कलल्यावर विशाखानं डोळे उघडले, तिघींकडं पाहिलं आणि पाणी मागितलं.

मेघानं पोरीला खांद्यावर घेतलं. जाताना तिनं विचारलं, “न्हाणीपाशी हाय ना ती?”

सत्यभामेनं मान हलवली. “लेकरं नाल्याच्या वाळूत पुरतेत आपल्यात. मी म्हणलं, वाळू तापती. ह्यांच्या पाया पडले. म्हणलं, तिथं पुरा, तिथं पाणी असतं.”

सकाळी बन्सी आला तेव्हा न्हाणीचा दगड बाजूला सरकवलेला होता आणि कडुबा टिकाव घेऊन उभा होता. बन्सीनं टिकावाला हात घातला तर त्यानं दिला नाही.

“मी खांदतो.”

“काका, तुमच्यानं—”

“तवा बी मीच खांदला व्हता,” कडुबा म्हणाला.

धम्मपालला मेघानं सगळं सांगितलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता, तोंड सुजलेलं. आपल्याला थोरली बहीण होती, आपण धाकटे आहोत, हे त्याला स्वतःची लेक एवढी झाल्यावर कळलं होतं, आणि कळलं तेव्हा आईवर ओरडून झालं होतं. तो पुढं आला आणि खड्ड्यात उतरून बापासमोर बसला. कडुबा टिकावाचा हलका घाव घालायचा, धम्मपाल हातानं माती काढायचा. फावडं त्यांनी घेतलंच नाही. सत्यभामेनं आपलं धुतलेलं लुगडं काठाला अंथरलं होतं, सगळी माती त्याच्यावर पडत होती. कडुबा प्रत्येक ढेकूळ बोटांनी फोडून बघत होता. बन्सीला हे असं किती वेळ चालणार ते कळेना, पण त्या दिवशी त्यानं घाई केली नाही आणि चहाही मागितला नाही.

कंबरभर खाली गेले. काही सापडलं नाही. नुसती काळी, ओली, मऊ माती. हातात घेतली की हात गार पडायचे.

“काय नाय,” कडुबा वर बघून म्हणाला. “सत्यभामे, काय राहिलं नाय. समदी माती झाली.”

ती काठावर बसली, वाकून खड्ड्यात हात घातला आणि तळाच्या मातीवर पालथा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

मग बन्सीनं पत्रा लावलेली तार आत सोडली, कोळसा टाकला आणि जाड्या मिठाची गोणी खड्ड्याच्या काठाला आणून टेकवली. गोणीचं तोंड उघडलं. पांढरं मीठ बघितलं आणि सत्यभामा ताडकन उठली.

“मीठ नाय घालायचं!”

“मावशी, मिठाबिगर अर्थिंग नसतं.”

“नाय म्हणलं ना! एकदा घातलं तेवढं बास झालं.” तिनं गोणीचं तोंड मुठीत आवळलं. “तवा बी असंच मीठ आणलं व्हतं ह्यांनी. तिच्या अंगावर घातलं. नाकातोंडावर घातलं. झोंबलं असंल माझ्या लेकराला.”

कडुबानं डोळे मिटून घेतले. तान्ह्या लेकराला मीठ घालून पुरायची रीत आहे, त्यानं ती पाळली होती, आणि त्या मिठाची चरचर त्याच्याही हातातून अजून गेली नव्हती.  बन्सीला सगळं समजलं नव्हतं, पण अर्धं समजलं होतं, आणि त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे.

“मावशी, मीठ कशाला घालतो सांगू का? मीठ ओल धरून ठेवतं. कितीबी ऊन पडू द्या, भोवतालची माती वाळली तरी मिठाजवळची ओल हटत नाय. म्हून घालायचं. दुसरं काय नाय.”

सत्यभामेनं त्याच्याकडं पाहिलं. “ओल धरतं?”

“धरतं म्हणजे काय! म्हून तर ही माती अशी गार.”

“इतकी वर्षं?”

बन्सीला इतक्या वर्षांचं खरंच ठाऊक नव्हतं. त्यानं कडुबाकडं पाहिलं, धम्मपालकडं पाहिलं. “व्हय मावशी,” तो म्हणाला. “धरतं की.”

ती खाली बसली. थोड्या वेळानं तिनंच गोणीत दोन्ही हात घातले. ओंजळीनं मीठ घेऊन ती हळूहळू खड्ड्यात सोडायला लागली, झोपलेल्या लेकरावर पांघरूण सारखं करावं इतकं हळू. मेघा शेजारी येऊन बसली आणि तिनंही ओंजळ भरली. लुगड्यावरची सगळी माती पुन्हा आत गेली, चिमूटभरही बाहेर टाकू दिली नाही कुणी. वरून पाण्याची कळशी कडुबानं ओतली.

बन्सीनं बल्ब जोडला. भर उन्हात तो असा लख्ख पेटला, की धम्मपालनं डोळ्यांवर हात धरला.

दुपारी एसी लावला. पंखा मंदावला नाही, ट्यूब फडफडली नाही. सत्यभामेनं आधी स्वतः ओला हात खाटेवर ठेवून बघितला, मग एसीच्या खाली हात धरला, मग म्हणाली, “निजव तिला.” मेघानं विशाखाचा ओला फ्रॉक काढला. अंग पुसलं. मग पेटीतून एक कोरडा फ्रॉक काढला, घडीवरचा, कडक इस्त्रीचा. सणाला म्हणून घेतला होता आणि उन्हाळ्यात सण आला की तोही पाण्यात बुडवावा लागायचा. विशाखानं तो घालून पोटावरून हात फिरवला.

“आई, हा वाजतोय,” ती म्हणाली. भर उन्हाळ्यात कोरड्या कापडाची सळसळ पोरीला नवी होती.

ती झोपली ती संध्याकाळीच उठली. तोवर ओट्यावर पुन्हा गल्ली जमून पांगली होती. तात्यासाहेबांचा निरोप येऊन गेला होता, की कडुबा कामाला कधी येणार. कडुबानं सांगितलं होतं, परवा येतो. उद्या घरीच थांबणार आहे म्हणून सांग, कशाला ते सांगू नको.

ऊन उतरल्यावर धम्मपाल लेकीला कडेवर घेऊन परसात आला. सत्यभामा ओल्या मातीपाशी बसली होती. दगड अजून कडेलाच होता.

“इथं काय केलं बाबा?” विशाखानं विचारलं.

धम्मपाल तिला घेऊन खाली बसला. मशिनचं, करंटचं, वाटेचं सांगावं असं त्याच्या मनात होतं. त्यानं मातीवर हात ठेवला.

“इथं तुझी आत्या हाय,” तो म्हणाला.

पोरीनं वाकून पाहिलं. आत्या म्हणजे कोण ते तिला माहीत होतं, सगळ्यांना असते, तिलाच नव्हती. खाली असलेल्या आत्याचं तिला फारसं नवल वाटलं नाही. तिला एकच गोष्ट विचारावीशी वाटली, जी तिला सगळ्यांविषयीच वाटायची.

“तिला गरम होत नाय?”

 धम्मपालनं आईकडं पाहिलं.

सत्यभामेनं नातीचा हात घेतला आणि मातीवर टेकवला. “बघ बरं तूच,” ती म्हणाली.

विशाखानं हात तसाच ठेवला, जरा वेळ वाट बघितली आणि मग आजीकडं बघून हसली.

“गार हाय,” ती म्हणाली.